खोडलेलं प्रश्नचिन्ह

एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात, तालुक्याच्या गावातल्या एका बँक शाखेत, रात्री पावणेनऊला मी एक कागद ट्यूबलाइटकडे धरून बघत होते. शटर अर्धं खाली आलेलं, शिपाईमामा पंख्याखाली पेंगत असलेले, मॅनेजरसाहेब घरच्या फोनला तिसऱ्यांदा ‘निघतोच’ म्हणत असलेले. दिवसभर तापलेली भिंत अजून पाठीला शेक देत होती. मी सीए, शाखेच्या ऑडिटला आलेली. कागद आमच्याच फाइलमधला. एका व्यापाऱ्याच्या कॅश क्रेडिट खात्याचं ड्रॉइंग पॉवरचं, म्हणजे मालाच्या तारणावर किती उचल चालेल याचं गणित, माझ्या अक्षरातलं. माझ्या शेवटच्या आकड्याच्या उजवीकडे, समासात, कोणीतरी पेन्सिलनं एक बारीकसं प्रश्नचिन्ह काढलं होतं आणि मग ते खोडलं होतं. खोडलं होतं काळजीपूर्वक, रबराचा चुरा फुंकून, कागद न चुरगाळता. पण पेन्सिल टोकदार असावी. उजेडाला धरलं की वळण दिसत होतं, खालचा ठिपकासुद्धा.

आणि आकडा चुकलेला होता.

चूक साधी होती, म्हणूनच जास्त लाजिरवाणी. दुकानात माल ८० लाखांचा, त्यातला २० लाखांचा माल उधारीवर आणलेला. उधारीचा माल वजा करून उरलेल्या ६० लाखांवर २५ टक्के मार्जिन सोडायचं, म्हणजे ४५ लाख. त्याहून जास्त उचल खात्यात दिसता कामा नये. मी दुपारच्या उन्हात, चौथ्या चहानंतर, उधारी वजा करायलाच विसरले आणि सरळ ८० लाखांतून चौथा हिस्सा काढून ६० लाख लिहून मोकळी झाले. खात्यात येणं होतं ५२ लाख. माझ्या हिशेबानं सगळं आलबेल, खऱ्या हिशेबानं ७ लाख वर. असं खातं सलग ९० दिवस मर्यादेबाहेर राहिलं तर ते थकीत धरायचं असतं, हे शाखेतल्या शिपाईमामांनाही ठाऊक असतं. आम्ही मागच्या महिन्यांची स्टेटमेंट्स काढली, मॅनेजरसाहेबांचा चेहरा उतरला, मग चढला, कारण फेब्रुवारीत मोठा भरणा होऊन खातं काही दिवस मर्यादेत आलं होतं. त्यामुळे निभावलं. अहवालात चार ओळींचा शेरा गेला आणि रात्री साडेदहाला आम्ही टपरीवर ऑम्लेट-पाव खाल्लं.

प्रश्नचिन्ह कोणाचं, हे विचारायची गरज नव्हती. फाइलला हात लावणारे आम्ही दोघंच. मी आणि माझा आर्टिकल, म्हणजे हाताखाली शिकणारा उमेदवार, जतकडचा, बावीस वर्षांचा, शर्टाची वरची गुंडीही लावणारा मुलगा. दुसऱ्या दिवशी सकाळी गाडीत मी विचारलं. तो खिडकीबाहेर बघत म्हणाला, “हो मॅडम, मीच काढलेलं. मग म्हटलं, तुम्ही केलंय म्हणजे बरोबरच असणार. मलाच कळत नसेल.”

यावर मी काय म्हणाले ते मला नीट आठवतं, कारण ते काहीच नव्हतं. मी एसी वाढवला.

तोवर मी स्वतःला बऱ्यापैकी शिकवणारी समजत होते. आमच्या धंद्यात शिकवणं हे कामाच्या यादीत असतं. १९४९च्या कायद्यानं आमची संस्था उभी राहिली तेव्हापासून कागदोपत्री मी ‘प्रिन्सिपल’ आणि तो ‘आर्टिकल’. पूर्वी हे नातं तीन वर्षांचं असायचं, १ जुलै २०२३ पासूनच्या नव्या नियमात दोनच वर्षांचं. पहिले सहा महिने पोरगं व्हाउचिंग, म्हणजे पावत्या वहीशी ताडणं, शिकतं, पुढचे सहा महिने आपल्याला ते उपयोगी पडायला लागतं, आणि मग कुठे त्याच्याशी कामाचं बोलावं म्हटलं की परीक्षेची रजा. तरी मी शंका विचारल्या की लगेच उत्तर द्यायचे. कधी कोणावर ओरडले नाही. आमच्याकडे आर्टिकलला बँकेत चेक भरायला किंवा घरचं लाइटबिल भरायला पाठवत नाहीत, आणि या व्यवसायातल्या लोकांना विचारा, ही गोष्ट काही कमी नाही. गेले काही महिने तर तो काहीच विचारत नव्हता. मी समजले, पोरगं तयार झालं.

माझी स्वतःची आर्टिकलशिप सांगलीत झाली, १९९६ ते ९९. सरांचं ऑफिस गावभागात, जिना अरुंद, वर गेलं की आधी जुन्या खतावण्यांचा वास यायचा आणि मग सर दिसायचे. संगणक एक, तोही प्लॅस्टिकच्या कव्हराखाली, देवासारखा. रोजकीर्द, खतावणी, तेरीज सगळं हातानं. आमचा पहिला धडा म्हणजे कास्टिंग, उभ्या रकान्याची बेरीज. कॅल्क्युलेटर असायचा, पण सर म्हणायचे, आधी तोंडी कर, मग त्या डबड्याला विचार. त्यांच्याकडे लाल-निळी पेन्सिल असायची, एका टोकानं बरोबरच्या खुणा आणि दुसऱ्यानं शंका. आम्ही तीन आर्टिकल होतो. त्यात मी एकटी मुलगी, आणि बाहेरगावच्या ऑडिटला मुलगी न्यायची का यावर दोन पक्षकारांनी सरांना आडून विचारलं होतं म्हणे. सरांनी काय उत्तर दिलं ते मला कधी कळलं नाही. मी मात्र जात राहिले.

हळदीचे पक्षकार बरेच. त्यामुळे हरिपूरच्या पेवांवर जाणं आलं. कृष्णा-वारणेच्या संगमाजवळची ती जमीन, वरून बघितली तर नुसतं मोकळं रान, आणि पायाखाली हळद. वीस-पंचवीस फूट खोल, पोटात रुंद आणि तोंडाशी अरुंद अशा मातीच्या खड्ड्यांत हळकुंडं भरून वरून बंद केलेली. ना गोदाम, ना पत्रा, ना कुलूप. आता ऑडिटरनं यातला साठा मोजायचा कसा? पेव एकदा उघडलं की रिकामंच करायचं, म्हणजे नुसतं बघायला म्हणून उघडता येत नाही. आमच्या पक्षकाराच्या दिवाणजींनी मला हे पहिल्या दिवशी अशा सुरात सांगितलं की जणू मी त्यांच्या तिजोरीला हात घातला. म्हणून मग ज्या दिवशी एखादं पेव विक्रीसाठी उघडणार त्या दिवशी आम्ही हजर राहायचो, निघतील त्या पोत्यांचं वजन लिहायचो आणि वहीतल्या आकड्याशी ताडून बघायचो.

पेव उघडतानाचा वास मला अजून येतो. माती, हळद आणि बंद पडून राहिलेल्या हवेचा एक जड, उष्ण उसासा. तोंड मोकळं झालं की मी पुढे सरकले. हमालानं हातानंच मागे ढकललं. लगेच कोणी उतरत नाही. आत हवा नसते. माणूस उतरला तर वर येत नाही. तोंड उघडं ठेवून सगळे बाजूला जाऊन बसले, तंबाखू मळत, पिकाच्या गप्पा मारत. मला वाटलं, किती वेळ फुकट चाललाय. सर तर चक्क उपरणं तोंडावर घेऊन झाडाखाली आडवे झाले. काही तासांनी कंदील दोरीनं खाली सोडला, तो जळत राहिला, मग माणूस उतरला. संध्याकाळी माझा पांढरा दुपट्टा पिवळा झाला होता आणि वहीत २ क्विंटलचा फरक होता. तो फरक माझा निघाला. एका पानावरची बेरीज पुढच्या पानावर नेताना मी चुकले होते. सर म्हणाले, “हं, हळद जागेवर आहे. तू कुठे होतीस?”

पण सांगायचं ते भडंगाचं.

सरांच्या ऑफिसात एक रिवाज होता. सरांनी केलेल्या कोणत्याही कागदात आर्टिकलनं चूक काढली की दुसऱ्या दिवशी भडंग. सर घरून स्टीलचा डबा भरून आणायचे. लसूण करपेपर्यंत तळलेला, शेंगदाणे सढळ, तिखट असं की पाण्याचा तांब्या जवळ घेऊनच बसायचं. चूक काढणाऱ्यानं पहिली मूठ घ्यायची. आम्ही तिघं त्या डब्यासाठी सरांच्या टेबलावरचे कागद अक्षरशः चाळणीनं चाळायचो. महिन्यातून दोनदा तरी डबा यायचा. बेरजेत शंभराचा फरक, कुठे घसारा चुकीच्या रकान्यात, कुठे मागच्या वर्षीची शिल्लक पुढे ओढताना ६ चे ९. एवढा कसलेला माणूस, तालुक्यातले सावकार ज्याच्यापुढे वही उघडायला कचरायचे, तो अशा शाळकरी चुका करेल? आम्हा तिघांचं ठाम मत होतं की सर मुद्दाम चुका पेरतात, आम्ही वाचायला शिकावं म्हणून. आमच्यातला एक तर शपथेवर सांगायचा की त्यानं सरांना ६ चा ९ करताना पाहिलंय. पुढे मी स्वतःची पाटी लावली, पोरं हाताखाली आली, आणि ही गोष्ट मी प्रत्येक नव्या आर्टिकलला सांगत आले. छान गोष्ट आहे. सांगताना आपणही थोडे सरांसारखे वाटतो.

तर त्या एप्रिलनंतर मी ठरवलं, आपणही चूक पेरायची.

सप्टेंबर उजाडला. टॅक्स ऑडिटचा हंगाम, ३० तारीख मानेवर बसलेली, ऑफिसात रात्रीची पावभाजी. एका पक्षकाराच्या घसाऱ्याच्या तक्त्यात मी जाणूनबुजून एक खडा टाकला. डिसेंबरात घेतलेलं मशीन. वर्षात १८० दिवसांपेक्षा कमी वापरलं तर निम्मा दर लावायचा, म्हणजे १५ऐवजी साडेसात टक्के. मी पूर्ण १५ लावले आणि तक्ता त्याच्याकडे दिला, म्हटलं, नजर टाक. मनातून मजा वाटत होती. घरून भडंगाची बरणीसुद्धा आणून ठेवली होती, खोटं कशाला बोलू. संध्याकाळी तक्ता परत आला. साडेसात टक्के. खालच्या बेरजा दुरुस्त, पुढचा नफ्याचा आकडाही बदललेला. कुठे टीक नाही, शेरा नाही, काही नाही. मी विचारलं, “काय सापडलं?”

“काही नाही मॅडम. सगळं बरोबर होतं.”

त्यानं माझी लाज राखली होती. इतक्या सफाईनं राखली, की ही पहिली वेळ नसणार हे मला उभ्या उभ्या कळलं. मग मी जी नको ती गोष्ट केली. रात्री सगळे गेल्यावर सर्व्हरवर जाऊन जुन्या फाइलींच्या आधीच्या प्रती उघडल्या. मार्चपासून सात ठिकाणी माझे आकडे हलक्या हातानं सुधारलेले होते. सातही दुरुस्त्या योग्य. सहीच्या आधी, त्या सहीचा १८ आकडी ओळख क्रमांक, यूडीआयएन, काढण्याच्या आधी, मी ज्यावर शेवटची नजर फिरवून समाधानानं सही केली ते कागद आधीच कोणीतरी माझ्यासाठी झाडून ठेवलेले होते. आमच्या ऑडिटच्या मानकांत, एसए २३० मध्ये, स्पष्ट लिहिलंय की काम कोणी केलं, कधी केलं, कोणी तपासलं याची नोंद ठेवा. कोणी गुपचूप निस्तरलं, याला रकाना नाही. बरणी मी तशीच घरी परत नेली आणि उभ्यानं, ओट्याशी, अर्धी संपवली.

दिवाळीनंतर सांगलीला काकूंकडे, सरांच्या पत्नीकडे, गेले. सर जाऊन चार वर्षं झाली. मला खरं तर सरांचे जुने कागद बघायचे होते. म्हटलं, त्या पेरलेल्या चुका आता अनुभवी नजरेनं बघू, कसल्या चुका, किती अवघड, पहिल्या वर्षाला कोणत्या आणि तिसऱ्याला कोणत्या, काहीतरी पद्धत असेलच. काकू म्हणाल्या, कागद कुठले आता? २०१९च्या पुरात आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांवर गेलं तेव्हा खालची खोली छतापर्यंत भरली. खतावण्यांचा नुसता लगदा झाला, आठवडाभर फावड्यानं काढत होते. मी भडंगाची आठवण काढली. सर मुद्दाम चुका कसे पेरायचे, आम्ही पोरं कशी तुटून पडायचो. काकू ऐकत राहिल्या, आणि मग पदर तोंडाला लावून इतक्या हसल्या की मला पाणी आणावं लागलं.

“मुद्दाम कसलं गं? त्यांना बेरीज यायचीच नाही! वाण्याची यादीसुद्धा मी परत तपासायचे.”

मी म्हटलं, मग ते भडंग?

“अगं, चिडून घरी यायचे. आज त्या पोरीनं परत चूक काढली म्हणून. जेवायचे नाहीत धड. येरझाऱ्या घालायचे. आणि मग रात्री नऊला म्हणायचे, कर बाई भडंग, उद्या न्यायला पाहिजे.”

येताना एसटीत मी खिडकीशी बसले होते आणि अंकलीच्या पुलावरून नदी दिसेपर्यंत मला हसूच येत होतं. नंतर येईना. इतकी वर्षं मी ज्याला सरांची युक्ती समजत होते ती युक्ती नव्हतीच. चिडणं खरं होतं. येरझाऱ्या खऱ्या होत्या. ते फक्त जिना चढून ऑफिसात येईपर्यंत डब्यात बंद व्हायचं. आणि माझ्या बाबतीत बरोबर उलटं घडलं होतं, हे त्या पुलावर मला आठवलं, म्हणजे आठवत होतंच, फक्त मी त्याकडे पाठ करून बसले होते. त्याच्या पहिल्याच महिन्यात एका पक्षकाराच्या केबिनमध्ये, समोर मालक, मालकाचा मुलगा आणि ताटलीत काजूकतली, मी विक्रीचा आकडा सांगितला आणि हा मध्येच म्हणाला, “मॅडम, पण जीएसटीच्या रिटर्नमध्ये वेगळा आहे.” मी ओरडले नाही. मी कधीच ओरडत नाही. मी फक्त त्याच्याकडे बघितलं.

एवढंच. दोन सेकंद असेल. मग मालकाकडे वळून हसले आणि पुढे बोलू लागले. आकडा तो म्हणत होता तोच खरा होता, हे मी ऑफिसात येऊन पाहिलं, दुरुस्त केलं आणि त्याला सांगायचं राहून गेलं. राहून गेलं असं म्हणते मी. तो जिथून आला तिथे, आणि मी जिथून आले तिथेही, मोठ्या माणसाची चूक काढणाऱ्या पोराला ‘आलाय मोठा शहाणा’ हे ऐकूनच वाढवतात. त्याला माझ्याकडून शब्दही लागला नाही. नजर पुरली. त्यानंतर त्यानं प्रश्न विचारले ते सगळे कलमांचे आणि मुदतींचे, ज्यांची उत्तरं फोनवरही मिळतात. त्यांची मी भराभर उत्तरं दिली, स्क्रीनवरची नजर न काढता, आणि मग तेही थांबले.

डिसेंबरात त्याच मालकाचा फोन आला तेव्हा तो समोर बसला होता. मी फोन स्पीकरवर टाकला आणि म्हटलं, मागच्या वर्षी तुमच्याकडे बसून मी विक्रीचा जो आकडा सांगितला तो चुकलेला होता, आमच्या पोरानं तिथेच सांगितलं होतं, मीच ऐकलं नाही. मालकाला त्यातलं काही आठवत नव्हतं. तो म्हणाला, असू दे हो मॅडम, मी फोन केला तो मुलाच्या लग्नाच्या आमंत्रणाचा. माझे कान तापले होते. समोरचा मुलगा मान खाली घालून स्टेपलरमध्ये पिना भरत होता, आधीच भरलेल्या स्टेपलरमध्ये. मला वाटलं होतं, हे केल्यावर हलकं वाटेल. मुळीच वाटलं नाही. दिवसभर त्याच्यावरच बारीक राग येत राहिला, की तू तेव्हा जरा मोठ्यानं का नाही बोललास.

जानेवारी, फेब्रुवारीत काही झालं नाही. मी कागद द्यायचे आणि तोंड बंद ठेवून बसायचे, हे मला किती जड जातं ते घरच्यांना विचारा. तो कागद घेऊन यायचा, उभा राहायचा, ‘झालं मॅडम’ म्हणायचा. मी ‘बस’ म्हणायचे. तो बसायचा. आम्ही दोघंही कागदाकडे बघायचो. खालून भाजीवाला जायचा, शेजारच्या क्लासमधली पोरं सुटायची. मग तो ‘येऊ का?’ म्हणायचा आणि जायचा.

परवा पुन्हा शाखा-ऑडिट. दुसरं गाव, दुसरी शाखा, ऊन तेच. संध्याकाळी त्यानं माझी फाइल परत दिली. तीन प्रश्नचिन्हं होती. पेननं काढलेली. पहिलं अगदीच बाष्कळ, त्यानं परिपत्रकाची तारीखच उलटी वाचली होती. मी ते सांगितलं, तो “अरे हो की” म्हणाला. दुसऱ्यात तो अर्धा बरोबर होता. तिसरं एका सोनेतारण खात्यावर होतं, माझ्या व्याजाच्या आकड्यापुढे, आणि ते त्यानं दोनदा गिरवलं होतं. मी आकडेमोड परत केली. आधी तोंडी, मग त्या डबड्यावर. माझाच आकडा आला. तो म्हणाला, नाही मॅडम, तुम्ही व्याजदर बदलल्याची तारीख धरली नाही. मी म्हटलं, धरलीये. तो म्हणाला, नाही धरलेली.

शाखा बंद व्हायची वेळ झाली होती. खात्याचा उतारा उद्या सकाळी मिळणार आहे. मी चूक नाही, असं मला अजूनही वाटतंय, आणि रात्री दहा वाजता लॉजच्या खोलीत मी येरझाऱ्या घालतेय.